न निघणारं एक्स्टेन्शन: टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या नोंदी

मामांच्या कारखान्यात बिलिंगच्या कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, घुसलं. ते स्वतः क्रॅश व्हायचं, जाताना उघडा टॅबही घेऊन जायचं, आणि काढायला जावं तर ‘रिमूव्ह’चं बटणच जागेवर नव्हतं. काम करता करता लिहिलेल्या या नोंदी आहेत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका-दोन कॉम्प्युटरवर सगळं ऑफिस चालवणारे पुष्कळ कारखाने आहेत. त्यांच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर त्याचे दिवस वाचावेत, म्हणून फसलेले उपाय, गेलेला वेळ आणि लागलेले पैसे जसेच्या तसे ठेवलेत.

एक्स्टेन्शनचं नाव मुद्दाम देत नाही. अशी एक्स्टेन्शनं नाव आणि चिन्ह बदलून फिरत असतात. नाव जुळलं नाही म्हणून ‘आपलं वेगळं आहे’ असं कुणी समजू नये.

मशीन: विंडोज १० प्रो, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. त्यावर टॅली, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, गाठींवर लावायच्या लेबलांचा जुना प्रिंटर. कारखान्याचं कुठलंही सर्व्हर-डोमेन नाही, सुटा कॉम्प्युटर.

४ सप्टेंबर २०२४, बुधवार

हैदराबादच्या टॉवेलच्या गाठी टेम्पोत भरून तयार, आणि ई-वे बिल निघेना. राज्याबाहेर ५०,००० रुपयांच्या वरचा माल या बिलाशिवाय हलवता येत नाही. बिलिंग करणाऱ्या ताई त्याचं ऑनलाइन पान भरत होत्या, गाडीचा नंबर टाकायच्या टप्प्यावर टॅब पडला. परत लॉगिन, परत तेच. शेवटी बिल मामांच्या फोनवरून काढलं. टेम्पोवाला तोवर दोन तास उभा होता, त्यानं थांबल्याचे ३०० रुपये जास्त घेतले.

ताई म्हणाल्या, “दादा, आठ दिवसांपासून असंच चाललंय. आणि काही शोधलं की आधी भलतंच पान येतं, मग खरं येतं.” ही दुसरी गोष्ट महत्त्वाची निघाली. नुसता टॅब पडत असता तर मी रॅमला दोष देऊन मोकळा झालो असतो.

क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. विंडोजचा नव्हे. त्यात प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शन वेगळ्या ओळीत, किती मेमरी खातंय त्यासकट दिसतं. पीडीएफ बदलून देतो म्हणणारं एक एक्स्टेन्शन क्रोम उघडल्यावर १८० एमबीवर होतं. समोर बसून बघत राहिलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते १ जीबीच्या पुढे गेलं, आणि मग ‘एक्स्टेन्शन क्रॅश झालं’ असा फुगा कोपऱ्यात आला. त्याच क्षणी जीएसटीचा टॅबही गेला. ४ जीबीच्या मशीनवर टॅली, प्रिंटर आणि हे एवढं मावणारच नाही.

क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या पानावर गेलो. बाकीच्यांना चालू-बंदचं बटण आहे, याचं करडं. ‘रिमूव्ह’ नाही. खाली लिहिलंय, ॲडमिनिस्ट्रेटरनं बसवलंय. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत सगळ्यात खाली ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’. इथे ऑर्गनायझेशन म्हणजे मामा, ताई, डिझायनर आणि लूमवरची माणसं. यांपैकी कुणी काही ‘मॅनेज’ केलेलं नाही.

एक सूचना इथेच: तुमचा कॉम्प्युटर खरोखर मोठ्या कंपनीचा किंवा बँकेचा असेल तर हीच ओळ योग्य कारणानं दिसते. तिथे खालचं काहीही करू नका, त्यांच्या आयटीवाल्यांना सांगा.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज झटपट उपाय करून पाहिले, आणि एकही लागू पडला नाही. पण का नाही पडला ते लिहून ठेवतो, कारण जो तो हेच सुचवतो.

क्रोमच्या सेटिंग रीसेट केल्या. रीसेटनं तुम्ही स्वतः घातलेली एक्स्टेन्शनं बंद होतात. पॉलिसीनं, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या सक्तीच्या आदेशानं, आलेल्याला हात लागत नाही.

एक्स्टेन्शनचं फोल्डर डिस्कवरून उडवलं. क्रोम परत उघडलं, त्याला फाइल तुटलेली दिसली, त्यानं स्टोअरमधून नवी उतरवून घेतली. जे सक्तीनं असायला हवं असं त्याला सांगितलंय ते नसेल तर आणणं हे क्रोमचं कामच आहे. क्रोम इथे आज्ञा पाळत होतं.

क्रोम पूर्ण काढून परत बसवलं. यात सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण काढण्याआधी बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड बाहेर काढून ठेवावे लागले. नवं क्रोम उघडल्यावर मिनिटभरात एक्स्टेन्शन हजर. आज्ञा क्रोममध्ये नाही, विंडोजमध्ये लिहिलेली आहे. क्रोम शंभर वेळा बसवा, ते येऊन तीच पाटी वाचणार.

क्रोममध्ये पूर्वी सेटिंगच्या आत सफाईचं एक साधन होतं. जुन्या व्हिडिओंत ते अजून दाखवतात. मार्च २०२३ मध्ये क्रोमच्या १११ व्या आवृत्तीबरोबर ते काढून टाकलं गेलं. शोधत बसू नका.

फॉरमॅटचंही विचारून घेतलं. नव्या पेठेतल्या एका दुकानात ९०० रुपये सांगितले, विंडोज आणि क्रोमपुरते. टॅलीचा डेटा, टोकनचा ड्रायव्हर आणि लेबल प्रिंटर आपले आपण. त्या प्रिंटरच्या ड्रायव्हरची सीडी कुठे आहे हे आता कुणालाच माहीत नाही. सणाच्या तोंडावर, दसरा-दिवाळीच्या चादरींच्या ऑर्डरी चालू असताना मशीन रिकामं करणं मला मान्य नव्हतं. मामांनाही नव्हतं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

क्रोमच्या पत्त्याच्या जागी क्रोम://पॉलिसी असं इंग्रजीत टाकलं. जिथे काहीच नसायला हवं तिथे एक ओळ होती: एक्स्टेन्शनइन्स्टॉलफोर्सलिस्ट, म्हणजे सक्तीनं बसवायच्या एक्स्टेन्शनांची यादी. लागू कुणाला, तर मशीनला. पातळी, सक्तीची. उगम, प्लॅटफॉर्म, म्हणजे विंडोज. ‘व्हॅल्यू’च्या रकान्यात ३२ अक्षरांची एक लांब ओळ आणि पुढे अर्धविराम देऊन स्टोअरचा पत्ता.

ती ३२ अक्षरं म्हणजे एक्स्टेन्शनची ओळख. इंग्रजी ए ते पी एवढीच अक्षरं त्यात येतात. ती कागदावर नव्हे, नोटपॅडमध्ये कॉपी करून ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी तीच शोधायची आहे.

रजिस्ट्री एडिटर उघडला. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही. रस्ता असा: एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम, आणि त्यात वरच्याच नावाचं फोल्डर. त्यात ‘१’ नावाची नोंद आणि समोर तीच ३२ अक्षरं. आधी ‘गूगल’ या अख्ख्या फोल्डरची एक्सपोर्ट करून प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली, विंडोजचा रीस्टोअर पॉइंट केला, मग फक्त ती यादी काढली. पॉलिसीच्या पानावर ‘रीलोड पॉलिसीज’ दाबलं. ओळ गेली. यादीतून नाव गेल्यावर क्रोमनं एक्स्टेन्शनही आपोआप काढून टाकलं.

दुपारभर क्रोम पडलं नाही. ताईंनी सगळी बिलं संपवली. उद्या गणपती, ऑफिस बंद.

९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सव्वादहाला ताईंचा फोन. “दादा, परत आलंय बघा ते.”

पॉलिसीच्या पानावर तीच ओळ, तीच ३२ अक्षरं. म्हणजे कुणीतरी ती पाटी परत लिहितंय. मामा मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, “जकार्डवर प्रत्येक चादरीत त्याच जागी तोच दोष येत असेल तर मी कापड बघत नाही. कार्ड बघतो.” जकार्ड मागावर नक्षी कार्डावरून ठरते. यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. इतके दिवस मी कापड बघत होतो. आता कार्ड शोधायचं.

कोण लिहितंय हे कळायला आधी कधी लिहिलं हे कळायला हवं. रजिस्ट्री एडिटर कुठल्याही नोंदीची वेळ पडद्यावर दाखवत नाही. पण एक आडवाट आहे. त्या फोल्डरवर उजवं क्लिक, एक्सपोर्ट, आणि खाली फाइलचा प्रकार नेहमीचा न ठेवता ‘टेक्स्ट फाइल्स’ निवडा. तयार झालेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली की वरच ‘लास्ट राइट टाइम’ अशी ओळ असते. आमच्या फाइलमध्ये होतं, ९ सप्टेंबर, १० वाजून ४ मिनिटं.

त्या वेळी ताईंनी काय केलं होतं? “काहीच नाही. मशीन चालू केलं आणि देवाला उदबत्ती लावली.” म्हणजे माणसानं केलेलं नाही. मशीन चालू झाल्यावर आपोआप चालणारं काहीतरी.

टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारं विंडोजचं साधन, उघडला. डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर क्लिक केलं की मधे यादी येते. तिच्यात ‘लास्ट रन टाइम’ हा रकाना आहे, त्यावर क्लिक करून यादी वेळेनं लावली. कामांचा सविस्तर इतिहास विंडोजमध्ये मुळात बंद असतो, त्यामुळे हा रकानाच हाताशी आहे. १० वाजून ४ मिनिटांनी चाललेलं एकच काम निघालं. नाव अगदी सभ्य, कसल्याशा अपडेटरचं. त्याच्या ‘ॲक्शन्स’मध्ये पॉवरशेल (विंडोजला लेखी आज्ञा देण्याचं साधन), खिडकी लपवून, आणि पुढे सिस्टिम३२ फोल्डरमधल्या एका पीएस१ फाइलचा, म्हणजे अशा आज्ञांच्या फाइलचा, पत्ता. ‘ट्रिगर्स’मध्ये लॉगिन झाल्यावर एकदा आणि मग दर काही तासांनी.

ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघितली. चालवायची नाही, फक्त वाचायची. पुष्कळसं मला कळण्यापलीकडचं होतं. पण मधोमध ती ३२ अक्षरं होती, रजिस्ट्रीचा तोच रस्ता होता, आणि त्याखाली एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरचाही. फाइल तयार झाल्याची तारीख २८ ऑगस्ट.

डाउनलोड फोल्डरमध्ये २८ ऑगस्टची एक सेटअप फाइल सापडली, पीडीएफमधून जेपीजी करून देणारी. डिझायनरला विचारलं. ग्राहकानं टॉवेलच्या किनारीचं डिझाइन पीडीएफमध्ये पाठवलं होतं, त्याला चित्र हवं होतं, त्यानं शोधलं, वरच्या पहिल्या जाहिरातीवर क्लिक केलं. त्याचं काहीच चुकलं नाही असं मी मामांना सांगितलं, आणि ते मनापासून सांगितलं. काम अडलं म्हणून त्यानं रस्ता शोधला, आणि त्या रस्त्यावर कुणीतरी मुद्दाम सापळा लावून बसलं होतं. राग यायचाच असेल तर तो लावणाऱ्याचा यावा.

हा प्रकार एकट्या आमच्याकडचा नाही. रीझनलॅब्स या सुरक्षा कंपनीनं गेल्याच महिन्यात, ऑगस्ट २०२४ मध्ये, अगदी याच धाटणीच्या मोहिमेची माहिती दिली आहे: खोटे सेटअप, शेड्यूल केलेलं काम, पॉवरशेल, सक्तीची यादी. क्रोम आणि एज मिळून किमान ३ लाख वापरकर्ते त्यात सापडल्याचं त्यांनी म्हटलंय. आमच्याकडचं तेच का त्याचं भावंड, हे ठरवायची गरज मला वाटली नाही. रचना तीच आहे आणि काढायची रीतही तीच.

आज फक्त ते काम ‘डिसेबल’ केलं आणि नेटची केबल काढून ठेवली. उरलेलं उद्या, घाई न करता.

१० सप्टेंबर, मंगळवार

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

केबल काढलेलीच ठेवली. ती फाइल बाहेरच्या कुठल्यातरी सर्व्हरवरून पुढच्या आज्ञा आणत होती. नेट चालू ठेवून काढत बसलं तर एकीकडे काढायचं आणि दुसरीकडे भरायचं.

शेड्यूल केलेलं काम एक्सपोर्ट करून प्रत ठेवली, मग डिलीट. मग सिस्टिम३२ मधली पीएस१ फाइल डिलीट. सिस्टिम३२ मध्ये हात घालताना फाइलचं पूर्ण नाव टास्कमधल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा. तिथे नुसतं ‘संशयास्पद वाटतंय’ म्हणून काहीही काढायचं नाही.

त्यानंतर रजिस्ट्री. क्रोमची यादी काढली. मग पॉलिसीजमध्येच मायक्रोसॉफ्ट, एज, आणि तिथलीही त्याच नावाची यादी. एज इथे कुणी वापरत नाही, तरी त्यात होतं. मग सॉफ्टवेअरच्या आत वाव६४३२नोड नावाचं फोल्डर असतं, त्याच्या आतही पॉलिसीज, गूगल, क्रोम. तिथेही एक प्रत. शेवटी एचकी करंट यूझरखालचा तोच रस्ता पाहिला, तिथे काही नव्हतं. रजिस्ट्री एडिटरमध्ये कंट्रोल-एफ करून ती ३२ अक्षरं शोधत राहा, एफ३ दाबून पुढची, जोवर ‘शोध संपला’ येत नाही तोवर. जुन्या हार्ड डिस्कवर याला बराच वेळ लागतो. लागू द्या.

मशीन परत चालू केलं, क्रोम उघडलं, पॉलिसीचं पान रिकामं. एक्स्टेन्शनही आपोआप गेलेलं. केबल लावली. आणि काहीतरी शोधलं तर परत आधी भलतंच पान!

इथे खरंच हबकलो. यादीत काही नाही, पॉलिसीत काही नाही. ताईंनी सहज सांगितलं की खालच्या पट्टीवरच्या चिन्हावरून उघडलं तर असं होत नाही, डेस्कटॉपवरच्या चिन्हावरूनच होतं. त्या एका वाक्यानं काम झालं. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ‘टार्गेट’. क्रोमच्या फाइलचा पत्ता डॉट ईएक्सईवर संपायला हवा. आमच्यात त्याच्या पुढे ‘लोड-एक्स्टेन्शन’ अशी एक शेपटी आणि एका फोल्डरचा पत्ता होता. म्हणजे त्या चिन्हावरून क्रोम उघडलं की दरवेळी एक वेगळं एक्स्टेन्शन बाहेरून चढत होतं. शॉर्टकट काढून टाकला, ते फोल्डर डिलीट केलं, क्रोमच्या मूळ फाइलवरून नवा शॉर्टकट केला. स्टार्ट मेनूतलाही तपासला, तिथेही शेपटी होती. मूळ क्रोम काढून परत बसवलं होतं तरी हे शॉर्टकट कसे राहिले? कारण ती पॉवरशेलची फाइल दर काही तासांनी तेही लिहून ठेवत होती.

जे मशीनवर रोज बसतात त्यांना विचारा. ताईंना रजिस्ट्री माहीत नाही, पण कुठल्या चिन्हावरून काय होतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

११ सप्टेंबर, बुधवार

आज जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, शेवटची तारीख, आणि आजच गौरीपूजन. ताई बारापर्यंतच येणार होत्या. मशीन स्वच्छ वाटत होतं तरी त्यावरून जीएसटीचा पासवर्ड टाकायचा नाही असं ठरवलं. रिटर्न माझ्या लॅपटॉपवरून भरलं. ताई पुरणावरणाला वेळेत घरी गेल्या.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज सफाई नाही, तपासणी.

विंडोज सिक्युरिटीत व्हायरसच्या सेटिंगमध्ये खाली ‘एक्स्क्लूजन्स’ असतं. म्हणजे ‘इथे तपासू नकोस’ अशी यादी. ती आमच्याकडे रिकामी असायला हवी होती, पण तिच्यात एक फोल्डर टाकलेलं होतं. त्यामुळे आधीचं स्कॅन सगळं हिरवं दाखवत होतं! यादी रिकामी केली, पूर्ण स्कॅन लावलं. रात्रीवर सोडावं लागलं. सेटअप फाइल आणि तिचे दोन तुकडे त्यात पकडले गेले. मग डिफेंडरचं (विंडोजच्याच अँटीव्हायरसचं) ऑफलाइन स्कॅन केलं, ज्यात मशीन बंद होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासणी होते. त्यात काही सापडलं नाही.

क्रोमच्या ‘अबाउट’मध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटरनं अपडेट बंद केलेत’ अशी ओळ दिसली. तीही सापळा लावणाऱ्यांचीच करणी. रजिस्ट्रीत पॉलिसीज, गूगल, अपडेट, आणि त्यात अपडेटडिफॉल्ट नावाची नोंद शून्यावर. ती काढली, क्रोमनं लगेच नवी आवृत्ती घेतली. हे बघायचं पुष्कळांचं राहून जातं. एक्स्टेन्शन गेलं म्हणून आनंद होतो आणि ब्राउझर जुनाच राहतो.

टोकनच्या सहीसाठी लागणारं एक एक्स्टेन्शन क्रोममध्ये होतं. ते कायम ठेवलं, कारण ते टोकनच्या सेटअपबरोबर आम्हीच बसवलंय, त्याला ‘रिमूव्ह’चं बटण आहे आणि कुठल्याही सक्तीच्या यादीत ते नाही. घाबरून सगळीच एक्स्टेन्शनं उडवली तर सही अडते आणि नवं दुखणं सुरू होतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पासवर्ड. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून मागे पडतं, पण माझ्या मते क्रॅशपेक्षा हेच जास्त गंभीर आहे. त्या एक्स्टेन्शनच्या परवानग्यांत लिहिलं होतं, सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणं आणि बदलणं. ही परवानगी असलेलं एक्स्टेन्शन तुम्ही बँकेच्या पानावर जे टाइप कराल ते वाचू शकतं. वाचलंच असेल असं नाही, पण वाचलं नसेल यावर कारखाना चालवता येत नाही.

स्वच्छ लॅपटॉपवरून बदलले: ईमेल पहिला, कारण बाकी सगळ्यांचे रीसेट त्यावर येतात. मग बँक, जीएसटी, ई-वे बिल. ईमेलमध्ये ‘सगळीकडून साइन आउट’ केलं. नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही, आधीच उघडी असलेली लॉगिनं बंद करणंही लागतं. बँकेत फोन करून शेवटच्या पंधरवड्याचे व्यवहार मामांनी स्वतः ओळीनं तपासले. सगळे आपलेच होते.

क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड काढून टाकले. ताईंनी नवे पासवर्ड वहीत लिहिलेत आणि वही कपाटात कुलपात असते. एवढ्या ऑफिसला ते पुरेसं आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

रॅमची ४ जीबीची आणखी एक पट्टी, वापरलेली, ७०० रुपये. एक्स्टेन्शन गेल्यावर टॅब पडायचे थांबले होतेच, पण टॅली आणि क्रोम एकत्र उघडलं की मशीन दम टाकायचं. आता ते नाही.

ताईंचं विंडोजचं खातं ॲडमिन होतं, ते साधं केलं. ॲडमिनचं वेगळं खातं केलं, त्याचा पासवर्ड मामांकडे. सिस्टिम३२ मध्ये फाइल ठेवायला आणि मशीनसाठीच्या पॉलिसीत लिहायला ॲडमिनचे अधिकार लागतात. ते सहज मिळाले म्हणूनच तो सेटअप एवढा आत जाऊ शकला. लेबल प्रिंटर साध्या खात्यावर चालेल की नाही ही धास्ती होती. चालला.

डिझायनरला गिम्प बसवून दिलं. त्यात पीडीएफचं पान थेट उघडतं आणि जेपीजी करून ठेवता येतं. फुकट आहे, आणि त्याच्या मूळ साइटवरूनच उतरवलं. ‘हे करू नको’ एवढंच सांगून भागत नाही. पुढचा ग्राहकही पीडीएफच पाठवणार आहे.

एक्स्टेन्शनबद्दल क्रोमच्या स्टोअरमध्ये तक्रार नोंदवली.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन, सुट्टी. आज मशीन चालू केल्यावर पॉलिसीचं पान रिकामं, टास्क शेड्युलरमध्ये अनोळखी काही नाही, शॉर्टकटना शेपटी नाही. क्रोमच्या टास्क मॅनेजरमध्ये सही करणाऱ्या एक्स्टेन्शनशिवाय दुसऱ्या एक्स्टेन्शनची ओळ नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

गल्लीत पलीकडच्या बाजूला चादरीचा कारखाना आहे. तिथल्या अकाउंटंट काकांनी बोलावलं. तीच लक्षणं, वेगळं एक्स्टेन्शन. पण त्यांच्याकडे शेड्यूल केलेलं काम कुठेच नव्हतं. माझ्या नोंदी जशाच्या तशा लागू पडल्या नाहीत, म्हणून ही जोड.

काका म्हणाले, “मी रजिस्ट्रीतनं काढलं होतं रे. वर जीपीअपडेट फोर्सही मारलं, व्हिडिओत सांगितलं तसं. तरी आलं.” मी यादी टेक्स्ट फाइलमध्ये एक्सपोर्ट करून वेळ बघितली. ती त्यांनी तो आदेश दिल्याचीच वेळ निघाली. म्हणजे त्या आदेशानंच ती परत लिहिली.

कारण असं. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीची एक फाइल असते, सिस्टिम३२ मध्ये ग्रुपपॉलिसी नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, मशीनच्या आत, रजिस्ट्री डॉट पोल. रजिस्ट्रीतली सक्तीची यादी ही त्या फाइलची नक्कल होती. नक्कल पुसली आणि मूळ तसंच ठेवून ‘सगळं पुन्हा लागू कर’ असा आदेश दिला, तर विंडोज मुळावरून नवी नक्कल काढणारच. आमच्या मशीनवर ते फोल्डर रिकामं होतं, म्हणून वर उल्लेख नाही.

त्यांच्या कॉम्प्युटरवर दुसरी कुठली पॉलिसी मुद्दाम लावलेली नाही हे काकांना विचारून खात्री केली. मग त्या फाइलची प्रत ठेवून मूळ फाइल काढली, रजिस्ट्रीतली यादी काढली, आणि त्यानंतर जीपीअपडेट फोर्स दिलं. यादी आली नाही. एक्स्टेन्शनही गेलं. शॉर्टकट, एज, एक्स्क्लूजन्स, अपडेट, सगळं याच नोंदींवरून तपासलं. दुपारच्या जेवणाआधी झालं. काकूंच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊनच त्यांनी सोडलं.

२८ सप्टेंबर, शनिवार

आमच्या मशीनवर परत काही आलेलं नाही. एकूण खर्च १,००० रुपये: टेम्पोचे ३०० आणि रॅमचे ७००. ई-वे बिल आता एका बैठकीत निघतं.

सुताच्या गोडाऊनमधला जुना कॉम्प्युटर तपासायचा राहिलाय. डिझायनरनं तो सेटअप पेन ड्राइव्हवरून तिथेही नेला होता असं काल बोलता बोलता कळलं. तोवर त्याची नेटची केबल काढून ठेवलीय, आणि तो पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहे. सोमवारी सकाळी मशीन चालू करायच्या आधी तिथे जातोय.